एक मोडेम, अनेक संगणक

15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमाने सर्वसाधारण ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले. मुंबई, दिल्ली व मद्रास ह्या शहरांबरोबर कलकत्त्यासही हा लाभ मिळाला. दूरध्वनीच्या तारेला मोडेम जोडावयाचा व ठरावीक क्रमांक फिरवावयाचा, अशी ती रीत होती. मोडेम संगणकातील अंकांचे तारेवरून जाऊ शकणाऱ्या स्वरांत रूपांतर करतो, व पलीकडून आलेल्या स्वरांचे पुन्हा अंक करतो. प्रारंभी हा वेग सेकंदास 9,600 द्विमान अंक, म्हणजे स्थूलमानाने एक हजार रोमन अक्षरे, इतकाच होता.

एवढ्या अरुंद वाटेवर एका कचेरीतील पाचसहा संगणकांचा निर्वाह कसा व्हावा? तीस हजार अक्षरांचे पान उतरण्यास अर्धा मिनिट लागते. ते वाचण्यास मात्र तीन मिनिटे सहज जातात. तेवढा वेळ तार रिकामीच असते. ती दुसऱ्यास दिली तर कोणाचेच फारसे अडत नाही.

अडचण निराळीच आहे. जोडणीगणिक बाहेरच्या जगात पत्ता एकच मिळतो. मग आलेले उत्तर कोणत्या संगणकाचे हे कसे ओळखावे? उत्तर कलकत्त्यातील मेसबाडीचा दृष्टान्त येथे उपयोगी पडेल. बाहेरगावाहून आलेले कारकून व विद्यार्थी अशा एका घरात खोल्या घेऊन राहतात. घराचा पत्ता सर्वांना सामाईक. समजा, चौथ्या खोलीतील रहिवाशाच्या पत्रावर व्यवस्थापकाने घराचा पत्ता व 51 हा आकडा घातला, आणि आपल्या वहीत ‘51 : खोली 4’ अशी नोंद केली. उत्तर 51 ह्या आकड्यासह आले की ते कोठे द्यावयाचे ह्याचा संशय उरत नाही.

मोडेम बाळगणारा संगणक हेच करतो. वहीच्या जागी त्याच्या स्मृतीत एक कोष्टक असते व आकड्यास पोर्ट म्हणतात. असे 65,536 आकडे उपलब्ध आहेत. आतल्या पत्त्याच्या जागी बाहेरचा पत्ता घालण्याची मूळ पद्धती एगेव्हांग व फ्रान्सिस ह्यांनी मे 1994 मध्ये मांडली. खोल्यांच्या क्रमांकांसाठी, म्हणजे घरातल्या घरात वापरावयाच्या पत्त्यांसाठी, 192.168 ने आरंभ होणारे व आणखी काही पत्ते मार्च 1994 मध्ये राखून ठेवण्यात आले.

ह्यातून एक गोष्ट आपोआप घडते. आतून कोणी पत्र धाडलेच नसेल, तर बाहेरून अवचित आलेल्या पत्राची वहीत नोंद सापडत नाही व ते टाकून दिले जाते. ह्यास पक्के कुलूप समजू नये. घातक मजकूर रहिवाशाने स्वतःच मागविला, तर व्यवस्थापक तो मुकाट्याने खोलीत पोहोचवितो.

तारेचा वेग मात्र वाटणीने वाढत नाही. एकाने दहा लक्ष अक्षरांची चित्रे मागविली, तर एकट्याच्या कामासही सुमारे सतरा मिनिटे लागतात, आणि त्या अवधीत इतरांची पाने मुंगीच्या पावलांनी उतरतात. मोडेम ज्यास जोडलेला आहे तो संगणक कोणी सायंकाळी बंद करून घरी गेला, तर सर्वांचीच जोडणी तुटते. कोष्टक पुसले जाते, आणि वाटेत असलेली उत्तरे धन्यावाचून राहतात.