हार दुसऱ्याची, हर्ष आपला

आपल्या संघाने सामना जिंकला म्हणजे आपल्याला आनंद होतो. या आनंदाचे कारण कोणाला समजावून सांगावे लागत नाही. परंतु कित्येकदा आपला संघ मैदानावर उतरलेलाच नसतो. सामना दोन परक्या संघांचा चाललेला असतो, आणि त्यांतला आपला नावडता संघ हरला म्हणून आपण टाळ्या पिटतो. त्या पराभवाने आपल्या पदरात काही पडलेले नसते; तरीही मनाला गुदगुल्या होतात. हा आनंद कोठून येतो? तो निर्दोष आहे काय? आणि त्याला मर्यादा कोठे घालावी? मुलांनो, या प्रश्नांचा विचार करण्यास फुटबॉलच्या मैदानाइतकी सोयीची जागा दुसरी क्वचितच सापडेल.

इंग्लंड हा फुटबॉलवेड्यांचा देश. तेथील लंडन शहराच्या उत्तर भागात आर्सेनल आणि टॉटनहॅम हॉटस्पर असे दोन प्रसिद्ध संघ आहेत. आर्सेनल हा मूळचा तेथला नव्हे. 1886 साली थेम्स नदीच्या दक्षिणेस वुलिच येथील शस्त्रांच्या कारखान्यातील कामगारांनी तो स्थापन केला. 1913 साली त्याने आपले मैदान नदीच्या उत्तरेस, टॉटनहॅमच्या शेजारी आणले. आपल्या प्रेक्षकांत वाटेकरी आला, म्हणून टॉटनहॅमचे लोक रागावले. पुढे पहिल्या महायुद्धानंतर, 1919 साली, वरच्या गटातील संघांची संख्या वाढवायची ठरली. त्या गटात शेवटचा आलेला टॉटनहॅम आपली जागा टिकवू पाहत होता. आर्सेनल तर खालच्या गटात पहिल्या चारांतही नव्हता. तथापि मतदान झाले, तेव्हा आर्सेनलला 18 मते मिळाली आणि टॉटनहॅमला 8. आर्सेनल वर चढला आणि टॉटनहॅम खाली गेला. एका वर्षात टॉटनहॅम पुन्हा वर आला खरा, पण मनात बसलेला सल काही गेला नाही. आजोबांनी तो नातवाच्या हाती दिला, आणि नातवाने तो वडिलोपार्जित ठेव्यासारखा जपला.

या जपणुकीचे फळ 2024 सालच्या मे महिन्यात साऱ्या जगाने पाहिले. त्या वर्षीचे अजिंक्यपद आर्सेनल आणि मँचेस्टर सिटी यांपैकी एकाला मिळणार होते. 14 मे रोजी टॉटनहॅमचा सामना त्याच्या स्वतःच्या मैदानावर मँचेस्टर सिटीशी होता. टॉटनहॅमला चौथ्या क्रमांकाची आशा होती. तो मिळाला असता तर युरोपातील सर्वांत मानाच्या स्पर्धेचे दार त्याला उघडले असते. त्यासाठी हा सामना जिंकणे अवश्य होते. परंतु टॉटनहॅम जिंकला असता, तर अजिंक्यपदाची वाट आर्सेनलला मोकळी झाली असती! मग काय विचारता? टॉटनहॅमच्या कित्येक चाहत्यांना आपलाच संघ हरावा असे वाटू लागले. मँचेस्टर सिटीने 2 गोल करून सामना जिंकला, आणि त्या वेळी टॉटनहॅमच्या प्रेक्षकांपैकी काही जण आर्सेनलला चिडवणाऱ्या आरोळ्या ठोकू लागले. घाम गाळून खेळणाऱ्या आपल्याच खेळाडूंना काय वाटत असेल, याचा त्यांना विसर पडला. संघाचे प्रशिक्षक या वृत्तीने फार व्यथित झाले आणि त्यांनी आपली नाराजी लपवली नाही. चौथा क्रमांक गेला. पाच दिवसांनी मँचेस्टर सिटीने अजिंक्यपद मिळवले. आर्सेनलला ते मिळाले नाही, एवढेच समाधान टॉटनहॅमच्या वाट्याला आले.

आपले नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणे, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती म्हण ज्या कोणी प्रथम उच्चारली, त्याने फुटबॉल पाहिला नसेल. पण मनुष्यस्वभाव मात्र पुरता ओळखला होता.

असे का होते? मनुष्य एकटा राहू शकत नाही. त्याला आपले म्हणावे असे घर लागते, गाव लागते, शाळा लागते. संघाचा झेंडा हाती घेतला की हजारो अनोळखी माणसे क्षणात आपली होतात. ही मोठी सुखाची गोष्ट आहे. परंतु ‘आम्ही’ हा शब्द उच्चारला, की त्याच्या पाठोपाठ ‘ते’ हा शब्द येऊन उभा राहतो. आम्ही वर चढलो की आनंद. आणि आम्हाला वर चढता आले नाही, तर ते खाली पडले तरी आनंद! तराजूचे आपले पारडे जड करण्याचे सामर्थ्य नसले, म्हणजे मन दुसऱ्याच्या पारड्यातले वजन कमी झालेले पाहून संतोष मानते. हा संतोष उसना असतो. दुसऱ्याच्या हारण्याने आपल्या खेळाडूचा पाय अधिक चपळ होत नाही, की आपला नेम अधिक अचूक होत नाही.

‘आम्ही’ आणि ‘ते’ यांच्यामधील भिंत किती उंच असते, हे इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञांनी एका प्रयोगाने दाखवून दिले. तो 2005 साली प्रसिद्ध झाला. मँचेस्टर युनायटेड या संघाच्या काही तरुण चाहत्यांना त्यांनी बोलावले. प्रथम त्यांना आपल्या आवडत्या संघाविषयी लिहावयास लावले, आणि मग दुसऱ्या इमारतीत जाण्यास सांगितले. वाटेत एक धावणारा मनुष्य पाय घसरून पडे आणि घोटा धरून विव्हळू लागे. हे सारे आधीच ठरवलेले होते. पण त्या तरुणांना ते ठाऊक नव्हते. पडलेल्या माणसाच्या अंगात मँचेस्टर युनायटेडचा सदरा असला, तेव्हा 13 पैकी 12 जण मदतीला धावले. परंतु त्याच माणसाने लिव्हरपूल या प्रतिस्पर्धी संघाचा सदरा घातला, तेव्हा 10 पैकी 3 जणच थांबले. घोटा तोच, वेदना तीच. बदलला होता तो केवळ सदरा!

या प्रयोगाचा दुसरा भाग अधिक मोलाचा आहे. या वेळी अशाच दुसऱ्या काही तरुणांना आपल्या संघाविषयी न लिहिता, फुटबॉलचे चाहते असण्यात काय आनंद आहे, याविषयी लिहावयास सांगितले. पुन्हा तोच मनुष्य पडला. या खेपेस लिव्हरपूलचा सदरा पाहूनही 10 पैकी 7 जण मदतीस थांबले. तरुणांच्या अंतःकरणातला ‘आम्ही’ थोडासा रुंद झाला होता, आणि त्यात काल परका असलेला मनुष्य मावला होता. साध्या सदऱ्यातल्या माणसाला मात्र या खेपेसही फार थोड्यांनी हात दिला. कारण तो फुटबॉलचा चाहता दिसत नव्हता. भिंत पाडली गेली नव्हती, केवळ पुढे सरकली होती, हेही विसरून चालणार नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. कोलकाता शहरात मोहन बागान आणि ईस्ट बेंगॉल या दोन संघांची चुरस शंभर वर्षांहून जुनी आहे. मोहन बागान 1889 साली स्थापन झाला. 1911 साली त्याने इंग्रजी लष्कराच्या संघाला हरवून आयएफए ढाल जिंकली, तेव्हा सारा देश आनंदला होता. ईस्ट बेंगॉल हा संघ 1920 साली निघाला. मूळच्या पश्चिम बंगालच्या लोकांना मोहन बागान आपला वाटे, तर पूर्व बंगालातून आलेल्यांना ईस्ट बेंगॉल. 1947 साली देशाची फाळणी झाली आणि असंख्य कुटुंबे घरदार सोडून पूर्वेकडून कोलकात्यास आली. सर्वस्व गमावलेल्या त्या लोकांना लाल-सोनेरी झेंड्याखाली आपल्या हरवलेल्या गावाची भेट होई. त्यांच्या प्रेमाला अशी खोल मुळे आहेत.

तेथील थट्टाही मोठी गमतीची असते. ईस्ट बेंगॉलची खूण हिल्सा मासा, आणि मोहन बागानची खूण कोळंबी. ईस्ट बेंगॉल जिंकला की त्याच्या चाहत्यांच्या घरी हिल्सा शिजावा, आणि मोहन बागान जिंकला की कोळंबी, असा रिवाज. हरलेल्या शेजाऱ्याच्या नाकाशी फोडणीचा वास जाईल, अशा बेताने खिडकी उघडी ठेवणारा एखादा खट्याळ गृहस्थही असायचाच! अशा थट्टेने कोणाचे काही बिघडत नाही. पुढच्या सामन्यात वास उलट दिशेने येणार, हे दोघांनाही ठाऊक असते.

परंतु थट्टेचा द्वेष होण्यास फार वेळ लागत नाही. 16 ऑगस्ट 1980 रोजी ईडन गार्डन्स मैदानावर या दोन संघांचा सामना होता. मैदानावर धसमुसळा खेळ झाला, खेळाडूंमध्ये बाचाबाची झाली, आणि त्याची ठिणगी प्रेक्षकांत पडली. दोन्ही संघांचे चाहते एकाच ठिकाणी दाटीवाटीने बसले होते. मारामारी सुरू झाली, लोक जीव वाचवण्यासाठी धावू लागले, आणि त्या चेंगराचेंगरीत 16 जणांना प्राण गमवावे लागले. खेळ पाहण्यासाठी घरून निघालेली ती माणसे परत आलीच नाहीत. त्या दिवशी कोणता संघ सरस ठरला, हे विचारण्याचे भान कोणाला उरले असेल? सोळा घरांत तर दोन्ही संघ हरले होते.

या दुःखातून कोलकात्याने एक सुंदर प्रथा निर्माण केली. 16 ऑगस्ट हा दिवस फुटबॉलप्रेमींचा दिवस म्हणून पाळला जाऊ लागला, आणि त्या दिवशी मृतांच्या स्मरणार्थ रक्तदान होऊ लागले. रक्ताच्या बाटलीवर रक्तगट लिहिलेला असतो. दात्याचा संघ लिहिलेला नसतो. मोहन बागानच्या चाहत्याचे रक्त ईस्ट बेंगॉलच्या चाहत्याच्या शरीरात निमूटपणे वाहू लागते.

2024 सालच्या ऑगस्टमध्ये या शहराने आणखी एक विलक्षण दृश्य पाहिले. कोलकात्याच्या एका सरकारी रुग्णालयात एका तरुण स्त्री-डॉक्टरची निर्घृण हत्या झाली होती आणि सारे शहर शोकाने व संतापाने पेटले होते. 18 ऑगस्ट रोजी ड्युरँड चषक स्पर्धेत होणारा या दोन संघांचा सामना त्यामुळे रद्द झाला. सामना नव्हता, तरी चाहते क्रीडांगणाबाहेर जमले. मात्र या वेळी ते परस्परांविरुद्ध नव्हते. लाल-सोनेरी आणि हिरवे-तांबूस झेंडे एकमेकांना लागून फडकत होते, आणि दोहोंच्या मुखी न्यायाची एकच मागणी होती. मोहमेडन स्पोर्टिंग या तिसऱ्या संघाचे चाहतेही त्यांना येऊन मिळाले. लँकेस्टरच्या प्रयोगात जे दहा-वीस तरुणांत घडले, ते येथे हजारोंच्या जमावात घडले. ‘आम्ही’ रुंद झाला होता.

तेव्हा आपल्या संघावर प्रेम करूच नये काय? जरूर करावे, आणि जीव तोडून करावे. चुरस नसेल तर खेळाची गोडी नाही. प्रतिस्पर्ध्याची थट्टाही करावी. पण ती करताना एक कसोटी लावून पाहावी. आपल्या थट्टेवर समोरचाही हसतो आहे काय? तो हसत असेल, तर ती थट्टा. तो मान खाली घालून निघून जात असेल, तर ती क्रूरता. आंतरशालेय सामन्यात शेजारच्या शाळेचा मुलगा चेंडूमागे धावताना पडला, त्याचा गुडघा फुटला आणि आपल्या बाजूने हशा पिकला, तर समजावे की आपला खेळ संपला आणि दुसरेच काहीतरी सुरू झाले.

शिवाय हे ध्यानी असू द्यावे, की ज्याच्या पडण्यावर आपण टाळ्या पिटतो, त्याच्याचमुळे आपला सामना उभा राहतो. तालमीतला मल्ल आपल्या जोडीदाराचे पाय मोडावेत अशी इच्छा करीत नाही. कारण त्याच्याशी झुंजूनच त्याच्या अंगी बळ येते. मैदानाची एक बाजू आपली असते, तर दुसरी बाजू प्रतिस्पर्ध्याची. ती दुसरी बाजू रिकामी झाली, तर आपल्या बाजूला उभे राहून आपण चेंडू मारणार कोणाकडे?

स्वाध्याय

1. टॉटनहॅमच्या काही चाहत्यांना आपलाच संघ हरावा असे का वाटले? त्यातून त्यांनी काय मिळवले व काय गमावले?
2. ‘घोटा तोच, वेदना तीच, बदलला होता तो केवळ सदरा!’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.
3. ‘सोळा घरांत तर दोन्ही संघ हरले होते’, असे लेखक का म्हणतो?
4. थट्टा आणि क्रूरता यांतील भेद ओळखण्याची कोणती कसोटी पाठात सांगितली आहे? तिचे एक उदाहरण तुमच्या अनुभवातून द्या.
5. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : मनाला गुदगुल्या होणे, पदरात पडणे, विसर पडणे, ठिणगी पडणे, हशा पिकणे.