वेदीपुढें ठेवलेलें दान

(पाठ : मत्तय ५ : २३, २४)

ह्या आठवड्याच्या पाठांत दोनच वचनें आहेत. तीं लहान आहेत म्हणून बंधुभगिनींनीं घाईनें वाचूं नयेत. ज्या घरांत वाचतां येणारें एकच माणूस असेल तेथें त्यानें तीं सर्वांस ऐकूं येतील अशीं दोनदां वाचावीं, आणि मग हा लेख हातीं घ्यावा. प्रभूच्या सांगण्याचा अर्थ असा कीं, कोणी आपलें दान घेऊन वेदीपाशीं आला आणि आपल्या भावाच्या मनांत आपल्याविषयीं कांहीं गाऱ्हाणें आहे असें त्यास तेथें आठवलें, तर त्यानें दान तेथेंच ठेवून आधीं भावाकडे जावें, त्याच्याशीं समेट करावा, आणि मग परत येऊन दान अर्पण करावें.

प्रभु हें कोठें बोलला तें ध्यानांत आणा. तो गालीलांतील डोंगरावर बसला होता. गालीलकरांच्या गांवोगांवीं सभास्थानें होतीं, परंतु सभास्थानांत यज्ञाची वेदी नसे. ती यरुशलेमेंत, मंदिरांत होती. गालील समुद्राच्या कांठापासून यरुशलेम सुमारें पाऊणशे मैल. शोमरोनांतील जवळच्या वाटेनें गेलें तरी पायीं तीन दिवस लागत. आपल्याकडे अहमदनगराहून, ज्यास आतां अहिल्यानगर म्हणतात, पुणें जितकें लांब आहे, साधारण तितकेंच तें अंतर होय. तेव्हां ऐकणारा कोणी शेतकरी किंवा कोळी कोंकरूं घेऊन तीन दिवस चालून गेला, गर्दींतून याजकापर्यंत पोंचला, आणि नेमकी तेथें त्यास शेजाऱ्याची आठवण झाली. प्रभु त्यास म्हणतो, परत जा. तीन दिवस माघारीं, मग समेट, मग पुन्हां तीन दिवसांची वाट. इतके दिवस तें कोंकरूं कोणी संभाळावें, हा प्रश्न ऐकणाऱ्यांच्या मनांत आला असेल. आमच्या मनांत तर येतोच. प्रभूनें त्याचें उत्तर दिलेलें नाहीं.

दुसरी गोष्ट वाचतांना पुष्कळांच्या नजरेंतून सुटते. तुझ्या मनांत भावाविषयीं राग असेल तर, असें प्रभु येथें म्हणत नाहीं. भावाच्या मनांत तुझ्याविषयीं कांहीं असेल तर, असें तो म्हणतो. म्हणजे हें वचन ज्याच्यावर अन्याय झाला त्यास उद्देशून नसून ज्याच्या हातून झाला त्यास उद्देशून आहे. अन्याय सोसणाऱ्याविषयीं मार्क ११ : २५ येथें वेगळें सांगितलें आहे : प्रार्थनेस उभें राहतांना कोणाविरुद्ध कांहीं असेल तर क्षमा करावी. हीं दोन वचनें शेजारीं शेजारीं ठेवलीं म्हणजे दोघांपैकीं कोणासही घरीं बसून राहण्यास सबब उरत नाहीं.

हा भेद उपदेशकांनीं फार जपावा. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईस हेंच वचन दाखवून, तूंच जाऊन पाय धर, असें सांगणारे आम्हीं पाहिले आहेत. तें शास्त्राचा विपर्यास करणें होय. तिला आसरा द्यावा, आणि वचन नवऱ्यास वाचून दाखवावें.

आतां आपल्या गांवाकडे पाहूं. नांगर चालवितांना बांध वीतभर आपल्याकडे ओढला. सामाईक विहिरीवर पंपाची पाळी दुसऱ्याची असतांना, वीज आतांच आली आहे म्हणून, आपलेंच पीक भिजवून घेतलें. लग्नांत चुलत्याच्या घरीं बोलावणें गेलें तें मुद्दाम उशिरां गेलें. उसने पैसे, तो आतां विसरला असेल, असें म्हणून राहूं दिले. अशा गोष्टी दिवसभर आठवत नाहींत, आणि प्रार्थनेस डोळे मिटले कीं आठवतात. आपण त्यांस सैतानाचें विघ्न समजून मनांतून झटकून टाकतों, आणि प्रार्थना पुढें चालवितों. पण त्या माणसास आठवण झाली ती बाजारांत नव्हे, वेदीपाशीं झाली. आणि प्रभूनें ती झटकावयास सांगितली नाहीं. ती आठवणच त्या वेळचें प्रार्थनेचें उत्तर असूं शकेल.

प्रार्थनेनें समेट टाळतांही येतो. हें आम्ही स्वतःच्या अनुभवावरून लिहितों. पुष्कळ वर्षांपूर्वीं आम्ही ज्या मंडळींत सेवा करीत होतों तेथें दानाच्या हिशेबांत कांहीं रुपये कमी आले. पेटीची किल्ली एका विधवेच्या मुलाकडे असे. आम्हीं पंचांसमोर त्याचें नांव घेतलें. पुढें वही पुन्हां तपासली तेव्हां बेरीज आमचीच चुकलेली निघाली. आम्हीं पंचांस तसें कळविलें, वही दुरुस्त केली, आणि त्या दिवसापासून रोज पहांटे त्या मायलेकांचें नांव घेऊन प्रार्थना करूं लागलों. त्यांच्या घरीं मात्र गेलों नाहीं. आपण त्यांच्यासाठीं प्रार्थना करीत आहों ह्याचें आम्हांस समाधानही वाटत असे! म्हातारी उपासनेस येई, दाराशीं बसे, आणि शेवटचें गीत संपण्यापूर्वीं निघून जाई.

अखेर एका संध्याकाळीं आम्ही गेलों. ती ओट्यावर बाजरी निवडीत होती. आम्हीं जें बोलावयाचें तें बोललों. तिनें सूप खालीं ठेवलें व म्हणाली, “मास्तर, तुमचं घर इथून दिसतं. आठ महिने लागले तुम्हांला यायला.” मग तिनें चहा केला. मुलगा तोंवर ऊसतोडीच्या टोळीबरोबर निघून गेला होता. पुढें आम्हीं त्याचीही गांठ घेतली. तो चांगलें बोलला. उपासनेस मात्र तो आजपर्यंत आलेला नाहीं.

जाणाऱ्यानें कसें जावें ह्याविषयीं थोडें सांगतों. एकट्यानें जावें, पाळकास किंवा पाहुण्यास मध्यस्थ म्हणून नेल्यास भाऊ मोकळेपणें बोलत नाहीं. तुझेंही चुकलेंच, असें तोंडून काढूं नये. जें घेतलें असेल तें हातीं घेऊन जावें : जक्कयानें चौपट देण्याचें कबूल केलें होतें (लूक १९ : ८). बांध ओढला असेल तर, चुकलों, ह्या शब्दानें तो मागें सरत नाहीं; दोरी धरून, दोघांच्या देखत, होता तेथें घालावा. भावानें दार लावून घेतलें तर पौलाचें म्हणणें आठवावें, कीं आपल्याकडून होईल तितकें करावें (रोम. १२ : १८). मात्र एकदां दार लागलें म्हणजे आपल्याकडचें सारें झालें, असें समजण्याची घाई करूं नये.

आरंभींच्या मंडळ्या ह्या बाबतींत कडक होत्या. ‘बारा प्रेषितांची शिकवण’ ह्या नांवाचा एक फार जुना ग्रंथ आहे. त्याची प्रत कॉन्स्टँटिनोपल येथें सांपडली व १८८३ सालीं छापून प्रसिद्ध झाली. ज्याचें सोबत्याशीं भांडण असेल त्यानें समेट होईपर्यंत मंडळीबरोबर भाकर मोडण्यास येऊं नये, असें त्याच्या चौदाव्या अध्यायांत सांगितलें आहे. आपल्याकडे प्रभुभोजनाच्या आधीं तयारीची सभा घेतात तिचा हेतूही तोच. परंतु त्या सभेंत गीत व उपदेश होतो आणि भाऊबंद एका सतरंजीच्या दोन टोकांस बसून घरीं जातात, हें आपण जाणतों.

म्हणून उपदेशक बंधूंस एक विनंती आहे. येत्या रविवारीं दान गोळा करण्यापूर्वीं हीं दोन वचनें वाचावीं आणि थोडा वेळ कोणीं कांहीं बोलूं नये. त्या वेळांत कोणी उठून बाहेर गेला तर त्यास हांक मारूं नये, व तो कोठें गेला हें मागाहून विचारूं नये. एक गीत अधिक म्हणावें, आणि दानाची थैली तो येईपर्यंत मेजावर उघडी राहूं द्यावी.