बंपरला कान लावायचे, पण कुठे?

प्रश्न : माझी गाडी २०१५ सालची, एमएच-४६ पासिंगची साधी हॅचबॅक आहे. सोसायटीच्या स्टिल्टमध्ये दोन खांबांच्या मधून ती रोज रिव्हर्स घ्यावी लागते. बाहेरून पार्किंग सेन्सर बसवून घ्यावेत का? शेजाऱ्यांनी बसवलेत, पण पावसात मागे काहीही नसताना ते पीं-पीं करत राहतात आणि गेटजवळचा साखळीचा बारीक लोखंडी दांडा मात्र त्यांना कळलाच नाही. बंपरला खोक पडली. मग या यंत्राला नेमकं कळतं तरी काय? शिवाय बंपरला भोकं पाडायची धास्ती वाटते.
– एक वाचक, खांदा कॉलनी, नवीन पनवेल

उत्तर : बसवून घ्या. पण आधी शेजाऱ्यांच्या तक्रारीकडे वळू. काही नसताना वाजणं आणि असताना गप्प बसणं, ही दोन्ही दुखणी एकाच मुळाची आहेत. ते मूळ कळलं की कोणता संच घ्यायचा आणि कुठे बसवायचा, हे निम्मं ठरून जातं.

हा सेन्सर बघत नाही, ऐकतो. बंपरवरच्या बटणाएवढ्या चकतीमागे एक छोटी सिरॅमिकची टिकली असते. काही स्फटिक दाबले की वीज देतात, हे झाक आणि पिएर या क्युरी बंधूंनी १८८० साली दाखवलं. उलट वीज दिली की ते थरथरतात, हे पुढच्याच वर्षी सिद्ध झालं. टिकलीतही हाच गुण असतो. वीज मिळाली की चकती सेकंदाला साधारण ४० हजार वेळा थरथरते. माणसाचा कान २० हजारांच्या पुढे जात नाही, म्हणून आपल्याला काही ऐकू येत नाही. (कुत्र्यांना येऊ शकतं. गाडी रिव्हर्समध्ये पडली की तिच्याखालचं कुत्रं आधीच उठून जातं, त्यात इंजिनच्या आवाजाबरोबर याचाही वाटा असेल, असं मला आपलं वाटतं.) थरथरून झालं की तीच चकती गप्प होऊन प्रतिध्वनीची वाट बघते. ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. म्हणजे भिंत एक मीटरवर असेल, तर जाऊन यायला सेकंदाच्या हजार भागांपैकी जेमतेम सहा भाग लागतात. डिकीत लपवलेली डबी तो वेळ मोजते आणि पीं-पीं जवळजवळ वाजवायची की लांबलांब, ते ठरवते.

आता तुमचा दांडा. ४० हजार कंपनांच्या ध्वनीची लहर हवेत साडेआठ मिलिमीटरच्या आसपास भरते. रुंद, सपाट, कडक आणि समोरासमोर उभी असलेली वस्तू ती लहर चांगली परतवते, म्हणून स्टिल्टचा चौकोनी काँक्रीटचा खांब सेन्सरला उत्तम ऐकू येतो. बारीक गोल दांडा मात्र आवाज चहूकडे विखरून टाकतो आणि सेन्सरकडे परत येतं ते नावापुरतं. साखळी, तारेची जाळी, स्कूटरचं हँडल, बाहेर आलेली सळई यांचं तेच. तिरकी फळी आवाज भलतीकडे वळवते. गवत, गोणपाट, जाड कपडे तो पिऊन टाकतात. आणि जे सेन्सरच्या खाली किंवा वर आहे, उदाहरणार्थ गुडघ्याखालचा दगड किंवा टेम्पोच्या मागून लटकणारे पाइप, ते त्याच्या झोतातच येत नाही.

आणखी एक आंधळी जागा अगदी जवळ असते. आवाज पाठवल्यावर चकती लगेच थांबत नाही, क्षणभर झंकारत राहते. त्या वेळात आलेला प्रतिध्वनी तिच्याच झंकारात बुडतो. म्हणून बहुतेक स्वस्त संचांना साधारण ३० सेंटिमीटरच्या आतलं अंतर सांगता येत नाही. तिथे ते एकसलग वाजतात. एकसलग वाजायला लागलं की थांबायचं, 'अजून एक फूट तरी आहे' हा हिशेब करायचा नाही.

पावसाचं कोडंही याच झंकारातून सुटतं. चकतीवर पाण्याचा थेंब किंवा चिखलाचा थर बसला की तिची थरथर बदलते, जास्त वेळ रेंगाळते, आणि डबीला वाटतं की अगदी जवळून प्रतिध्वनी आला. जुलैत दोन-दोन दिवस संततधार लागते, रस्त्यावरचं लाल पाणी मागच्या चाकांतून थेट बंपरवर उडतं, तेव्हा हे घडणारच. फडक्याने चार चकत्या पुसल्या की बहुधा आवाज थांबतो. पुसूनही थांबला नाही, तर पाणी आत वायरच्या जोडात शिरलंय असं समजा.

पनवेलकरांच्या वाट्याला एक खास गोंधळ येतो. कळंबोलीच्या लोखंड बाजाराकडे आणि जेएनपीटी बंदराकडे जाणारे ट्रेलर थांबताना हवेच्या ब्रेकचा 'फुस्स' आवाज करतात. त्या फुसफुशीत आपल्याला न ऐकू येणारा वरच्या पट्टीचा ध्वनीही भरपूर असतो, सेन्सरच्या पट्टीतलासुद्धा. उरण नाक्याजवळ गाडी मागे घेताना शेजारून ट्रेलर फुसफुसला आणि सेन्सर एकदम ओरडला, तर तो बिघडलेला नाही. पार्किंगमध्ये बाजूची गाडीही त्याच वेळी रिव्हर्समध्ये असेल, तर तिच्या सेन्सरचा आवाजही तुमच्या सेन्सरला स्वतःचाच प्रतिध्वनी वाटू शकतो.

उन्हाची काळजी मात्र सोडून द्या. २० अंशांपेक्षा ४० अंशांच्या हवेत ध्वनी तीन-साडेतीन टक्के जास्त वेगाने जातो, म्हणजे मीटरभरात तीन-चार सेंटिमीटरची चूक. तेवढ्याने कुणाचा बंपर गेलेला नाही.

आता बसवण्याबद्दल. माझं मत असं की ब्रँडपेक्षा बसवणारा महत्त्वाचा. साध्या चार सेन्सरच्या संचात फार फरक नसतो. फरक पडतो तो उंची, कोन आणि वायरिंगमध्ये. जमिनीपासून साधारण ५० ते ६५ सेंटिमीटर उंची बरी. त्याहून खाली बसवले तर स्पीडब्रेकर आणि रॅम्पच ऐकू येत राहतो. चकतीच्या पाठीवर 'अप' किंवा बाण असतो, तो वरच यायला हवा, कारण तिचा झोत गोल नसून आडवा पसरट असतो. घाईत फिरवून बसवली की झोत उभा होतो आणि अर्धा जमिनीवर पडतो. शेजाऱ्यांच्या चकत्या एकदा काढून बघायला सांगा, तिथेच घोटाळा निघू शकतो. बंपर ज्या जागी खाली झुकलेला आहे, तिथे सपाट चकती जमिनीकडे तोंड करते. त्यासाठी तिरकी रबरी कडी मिळते, ती मागून घ्यावी.

गणपतीला गावी जाणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं. डिकीत चार बोजे, मागे तीन माणसं, शिवाय सीएनजीची टाकी, की गाडीचा मागचा भाग बसतो आणि सेन्सरचं तोंड आणखी खाली होतं. मग पळस्प्याहून गोवा महामार्गाला लागण्याआधी पंपावर रिव्हर्स घेताना तो विनाकारण वाजतो. रिकाम्या गाडीवर अगदी काठावरची उंची धरून बसवलेल्या संचाचं हे हमखास होतं.

भोकांची धास्ती समजू शकतो, पण आजचा बंपर प्लॅस्टिकचा असतो आणि संचाबरोबर त्याच मापाचा गोल कटर येतो. कामगाराने बंपरवर चिकटपट्टी लावून, टेपने मापं घेऊन खुणा केल्या, आतून लोखंडी पट्टी कुठे आहे ते हात घालून चाचपलं आणि मगच ड्रिल हातात घेतलं, तर निर्धास्त बसा. नजरेच्या अंदाजाने भोक पाडायला निघाला, तर चावी मागून घ्या. चकत्या गाडीच्या रंगात रंगवून घेण्याचा मोह अनेकांना होतो. अगदी पातळ फवारा चालतो, जाड थर चढला की चकतीची थरथर मंदावते. भोकं नकोच असतील, तर बंपरच्या आतून चिकटवायची धातूची पट्टी असलेला विद्युतचुंबकीय प्रकार असतो. तो बाजारात कमी दिसतो आणि गाडी हलत असेल तरच काम करतो. थांबलेल्या गाडीमागे भिंत आहे हे त्याला कळत नाही. तुमच्या स्टिल्टसाठी मी तो घेणार नाही.

वायरिंगमध्ये एकच आग्रह धरा : डबीला वीज रिव्हर्स लाइटच्या वायरवरून हवी आणि वायर न कापता जोड द्यावा, त्यावर नीट इन्सुलेशन. वायर डिकीत आणताना आधीच असलेल्या रबरी बुचातून आणावी. नवं भोक पाडून उघडं ठेवलं, तर पहिल्याच पावसात स्टेपनीखाली पाणी साचतं आणि वास येईपर्यंत कळत नाही. चार वायरींवर ए, बी, सी, डी अशी अक्षरं असतात. त्यांची अदलाबदल झाली की खांब उजवीकडे असतो आणि डिस्प्ले डावीकडे दाखवतो.

मेकॅनिकला पैसे देण्याआधी, तिथेच उभ्या उभ्या बघून घ्या. गाडी रिव्हर्समध्ये टाकून एकाला पुठ्ठ्याचा मोठा खोका धरून मागून जवळ यायला सांगा, चारही चकत्यांसमोर एकेकदा. मग खोक्याऐवजी झाडूचा दांडा उभा धरायला लावा. कुठे ऐकू येत नाही हे तुमच्या डोळ्यांनी बघा. तो नकाशा डोक्यात राहिला पाहिजे. रिव्हर्स टाकल्यावर यंत्राला जागं व्हायला क्षण लागतो, तेवढं थांबूनच क्लच सोडा. आणि वेग : ताशी ५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १.४ मीटर. पहिली पीं दीड मीटरवर वाजली, तर ब्रेकवर पाय जाईपर्यंत अंतर संपलेलं असतं. स्टिल्टमध्ये त्याच्या निम्म्या वेगानेच मागे या.

लहान मुलांबद्दल मात्र स्पष्ट सांगतो. सोसायटीच्या स्टिल्टमध्ये संध्याकाळी पोरं लपाछपी खेळतात. वाकून बसलेलं, मऊ कपड्यांतलं लहान मूल या यंत्राला नेहमी कळेलच असं नाही. अमेरिकेत वडिलांच्याच रिव्हर्समधल्या गाडीखाली गेलेल्या दोन वर्षांच्या मुलाच्या नावाने कायदा झाला. तिथल्या सरकारी यंत्रणेने चाचण्या केल्या, तेव्हा फक्त सेन्सर पुरेसे ठरले नाहीत. म्हणून १ मे २०१८ पासून तिथे नव्या मोटारींना मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. तुमच्या सोसायटीत मुलं असतील, तर थोडे जास्त पैसे घालून कॅमेरा जोडलेला संच घ्या, आणि तरीही आधी उतरून एकदा मागे बघा.

कागदपत्रांचा त्रास नाही. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम आरसीवर नोंदलेल्या गोष्टी बदलण्याबद्दल आहे, सेन्सरने त्यातलं काही बदलत नाही. विम्यात मात्र बाहेरून लावलेली विजेची वस्तू आपोआप धरली जात नाही. आयएमटी-२४ या विम्याच्या जोडकलमाखाली तिच्या किमतीच्या ४ टक्के हप्ता भरून ती जोडता येते. दीड हजाराच्या संचाला ते साठ रुपये आणि कर. मी भरणार नाही, कॅमेरा-स्क्रीनसकट मोठा संच असेल तर भरेन.

प्रश्न : नव्या गाडीला कंपनीचे दोनच सेन्सर आहेत. कोपरे उघडे पडतात. बाहेरून आणखी दोन लावू का?
– एक वाचक, कामोठे

उत्तर : नको. १ जुलै २०१९ पासून आपल्याकडे नव्या मोटारींना मागचे सेन्सर सक्तीचे झाले, पण किती असावेत यात कंपन्या काटकसर करतात. स्वस्त मॉडेलना दोन येतात. त्यांच्या शेजारी दुसऱ्याच डबीचे दोन बसवले, तर दोघांच्या वेळा जुळत नाहीत आणि एकाचा आवाज दुसऱ्याला प्रतिध्वनी वाटतो. शिवाय वॉरंटीतल्या गाडीच्या वायरिंगला हात लागला की पुढे विजेच्या कुठल्याही बिघाडात सर्व्हिस सेंटरला बोट दाखवायला जागा मिळते. कोपऱ्यांसाठी आरशांखाली चिकटवायचे छोटे बहिर्गोल आरसे घ्या. अगदीच हवं असेल तर वॉरंटी संपल्यावर चार सेन्सरचा एकच संच बसवा आणि जुने दोन बंद करा.

प्रश्न : मागे स्टीलचा गार्ड लावल्यापासून सेन्सर थांबतच नाही.
– एक वाचक, करंजाडे

उत्तर : बरोबरच आहे, चकतीच्या तोंडासमोर तुम्ही कायमची भिंत उभी केलीत. सेन्सर गार्डवर हलवून बसवून देतो म्हणणारे भेटतील. धातूत बसवलेली चकती जाड रबरी कडी नसेल तर गार्डचीच थरथर ऐकत राहते. शिवाय डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाई करायला राज्यांना सांगितलं आहे, आणि तीही त्याच ५२व्या कलमाच्या आधाराने. गार्ड काढा, त्याच्या बोल्टची भोकं बुजवून घ्या, सेन्सर आपोआप गप्प होईल.