कटु, कडू आणि करू

भाद्रपद शुद्ध द्वितीयेच्या रात्री रायपूर व त्याच्या आसपासच्या छत्तीसगढी घरांत स्त्रिया कारल्याची भाजी व भात खातात. दुसऱ्या दिवशी ‘तिजा’चा, म्हणजे हरितालिकेचा, निर्जळ उपवास असतो. आदल्या रात्रीच्या या जेवणास ‘करू भात’ असे म्हणतात. छत्तीसगढीतील हा ‘करू’ म्हणजेच मराठीतील ‘कडू’ होय. दोन्ही शब्द संस्कृत ‘कटु’पासून आले. प्राकृतात ‘ट’चा ‘ड’ झाला. मराठीने तो राखला, छत्तीसगढीत त्याचा ‘र’ झाला.

मात्र उच्चाराबरोबर अर्थही पालटला. आयुर्वेदात मधुर, अम्ल, लवण, कटु, तिक्त व कषाय असे सहा रस मानलेले आहेत. त्यांपैकी कटु म्हणजे तिखट आणि तिक्त म्हणजे कडू. सुंठ, मिरे व पिंपळी यांस मिळून ‘त्रिकटु’ म्हणतात. त्यांचा मुख्य गुण कडवटपणा नसून तिखटपणा आहे. कडुनिंब व कारले मात्र तिक्त होत. हिंदीत मोहरीच्या तेलास ‘कडवा तेल’ म्हणतात, तेथे जुना अर्थ अद्याप टिकून आहे. कारण ते तेल झणझणीत असते. मराठीत कटु रसास ‘तिखट’ हा शब्द रूढ झाला. त्याचे मूळ ‘तीक्ष्ण’, प्राकृत ‘तिक्ख’, म्हणजे धारदार.

शास्त्रदृष्ट्या हा शब्द अन्वर्थक ठरतो. कडू ही खरी चव आहे. ती जिभेवरील रुचिकलिकांतील सुमारे २५ प्रकारच्या ग्राहकांमुळे कळते. तिखट ही चव नसून दाहाची संवेदना आहे. मिरचीतील कॅप्सेसिन हे द्रव्य ज्या ग्राहकास उद्दीपित करते, तो सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वरील उष्णतेनेही उद्दीपित होतो. डेव्हिड ज्युलियस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली हा ग्राहक ओळखला. ज्युलियस यांस २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

म्हणून जुन्या वैद्यकग्रंथात ‘कटु’ हा शब्द आढळल्यास मराठी वाचकाने ‘कडू’ असा अर्थ करू नये. तसे केल्यास मिऱ्याच्या जागी कडुनिंब येईल. त्याचबरोबर हेही ध्यानात ठेवावे की, प्राचीन संहितांतील ‘कटु’ म्हणजे मिरची नव्हे. मिरची पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात भारतात आली. ‘कटु’ हा शब्द तिच्याहून कितीतरी जुना आहे.