नावाला ‘सोप’, पण सोपं नाही!

सुट्टीत मी चाकणच्या एका छोट्या कारखान्यात प्रोजेक्ट करत होते. ट्रकमधल्या मालाची यादी पीएचपीतून सोप रिक्वेस्टने कस्टमरच्या सर्व्हरला कळवायची. ट्रकमध्ये पार्ट तीन, तिकडे नोंद एकाचीच! ट्रक गेटवर अडकला.

चूक माझीच. अ‍ॅरेमध्ये ‘आयटम’ हे की-नेम मी तीनदा लिहिलं होतं. पीएचपीच्या अ‍ॅरेत एक नाव एकदाच राहतं; शेवटची व्हॅल्यू आधीच्या पुसून टाकते आणि एररही येत नाही.

मग असं करा: ‘आयटम’ एकदाच लिहा आणि त्याच्या पोटात तीन छोट्या अ‍ॅरेंची यादी द्या. डब्ल्यूएसडीएलमध्ये त्या एलिमेंटचं मॅक्सऑकर्स ‘अनबाउंडेड’ असेल, तर सोपक्लायंट प्रत्येक पार्टसाठी वेगळा टॅग बनवतो.

आता अ‍ॅट्रिब्यूट. समजा, क्वांटिटी 40 आणि तिचं युनिट ‘नग’ हे अ‍ॅट्रिब्यूट म्हणून हवंय. मग क्वांटिटीलाही अ‍ॅरे द्या: 40 हा आकडा नुसत्या अंडरस्कोअरच्या नावाखाली, आणि ‘युनिट’ त्याच्याच शेजारी. डब्ल्यूएसडीएल बघून बाकीचं सोपक्लायंट करतो.

शेवटचं म्हणजे, ‘ट्रेस’ ऑप्शन 1 ठेवा आणि गेट-लास्ट-रिक्वेस्टने गेलेलं एक्सएमएल स्वतः वाचा. तेही टेस्टिंगच्या वेळीच, ट्रक गेटवर पोचल्यावर नाही!