शहराच्या वेशीबाहेरचे घर

प्रस्तावना

सामान्य माणूस आयुष्यभराच्या बचतीतून बहुधा एकदाच घर घेतो. ते शहराच्या दाटीत न घेता शहराबाहेरच्या एखाद्या अर्धग्रामीण गावात घ्यावे, असा विचार आज अनेक कुटुंबे करताना दिसतात. मोकळी हवा, अंगण आणि परवडणारी किंमत यांचे आकर्षण स्वाभाविक आहे. परंतु गावातील घर घेताना नेमके काय विकत घेतले जाते, याचा विचार क्वचितच होतो. या माहितीपर पाठात जबलपूर येथील कांचघर वस्तीतील एका कल्पित मराठी कुटुंबाचे उदाहरण समोर ठेवून आपण तो विचार करणार आहोत.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :
• अर्धग्रामीण भागातील घराची निवड करताना कोणत्या बाबी तपासाव्यात ते सांगणे.
• जमिनीच्या कागदपत्रांतील मध्य प्रदेशातील व महाराष्ट्रातील शब्दांची तुलना करणे.
• गावात राहायला जाणाऱ्यांची कर्तव्ये स्वतःच्या शब्दांत मांडणे.

मूळ पाठ

१. कांचघरातून बाहेर पडताना

जबलपूरला मराठी माणूस नवा नाही. नागपूरकर भोसल्यांची सत्ता येथे १८१७ पर्यंत होती. पुढे १९५६ मध्ये राज्यपुनर्रचना झाली, मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपूरला आले आणि नागपूरशी असलेले शहराचे नाते नव्याने जोडले गेले. शहराच्या पूर्व भागातील कांचघर ही कामगारांची आणि नोकरदारांची जुनी वस्ती. १९०४ मध्ये स्थापन झालेला तोफगाड्यांचा कारखाना आणि रेल्वे येथून जवळच आहेत.

समजा, अशा वस्तीतील एक गृहस्थ नोकरीतून निवृत्त झाले आहेत. दोन खोल्यांत सहा माणसे राहतात. निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या रकमेतून पनागरच्या किंवा बरेल्याच्या वाटेवरील एखाद्या गावात अंगणाचे घर घ्यावे, असे त्यांना वाटते. त्यांच्या आईंना दारासमोर तुळशीवृंदावन हवे आहे. सूनबाईंना मात्र वेगळी काळजी आहे : मुलीचे महाविद्यालय शहरात, सायंकाळची शेवटची बस लवकर जाते आणि सासूबाईंचा रक्तदाब रात्री वाढला तर डॉक्टर कोठून आणायचा? या दोन्ही इच्छा रास्त आहेत. म्हणूनच निर्णय घाईने होऊ नये.

२. जमीन तिन्ही ऋतूंत पाहावी

जमीन दाखवणारा मनुष्य ती बहुधा हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात दाखवतो. त्या वेळी वाट कोरडी असते आणि शिवार सपाट दिसते. जबलपूरच्या काळ्या मातीच्या पट्ट्यात 'हवेली' नावाची जुनी शेतीपद्धत आहे. शेताभोवती उंच बांध घालून पावसाळ्याचे पाणी त्यात साठवतात, पावसाळा सरताना ते सोडून देतात आणि उरलेल्या ओलीवर गहू व हरभरा पेरतात. ही पद्धत शेतकऱ्याच्या शहाणपणाची साक्ष आहे. पण अशाच शेताचे तुकडे पाडून कोणी घरांसाठी विकू लागला, तर श्रावणात पाणी कोठे साठते हे जुन्या शेतकऱ्याला विचारल्यावाचून कळणार नाही.

काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आक्रसते. त्यामुळे उथळ पायाच्या भिंतींना तडे जातात. पाया किती खोल आहे, हा प्रश्न म्हणूनच रंगरंगोटीच्या आधी विचारला पाहिजे. दुसरा धडा भूकंपाने दिला आहे. २२ मे १९९७ रोजी पहाटे जबलपूर परिसरात मोठा भूकंप झाला. आसपासच्या गावांतील मातीत रचलेल्या भिंती आणि जड छपरे यांची विशेष हानी झाली. जुने कौलारू घर दिसायला कितीही सुंदर असले, तरी भिंती कशात बांधल्या आहेत आणि त्यांना एकत्र धरून ठेवणारा आडवा पट्टा आहे की नाही, हे जाणकार अभियंत्याकडून तपासून घेणे आवश्यक ठरते.

पाण्याची खरी परीक्षा मे महिन्यात होते. विहिरीला त्या महिन्यात किती पाणी असते आणि त्या पाण्यावर आणखी किती घरांचा हक्क आहे, हे शेजाऱ्यांना विचारावे. ज्याला जमीन विकायची नाही, त्याचे उत्तर अधिक विश्वासार्ह असते.

३. कागद काय सांगतो, काय सांगत नाही

शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते, असा १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचा दंडक आहे. साध्या स्टॅंपकागदावरील लिखाणाने किंवा केवळ ताबा मिळाल्याने मालकी येत नाही. तसेच दस्ताची नोंदणी म्हणजे व्यवहाराची नोंद होय. विकणारा खरा मालक होता, अशी हमी सरकार त्यातून देत नाही. म्हणून मागील अनेक वर्षांचे व्यवहार वकिलाकडून तपासून घ्यावे लागतात.

मध्य प्रदेशात १९५९ ची भू-राजस्व संहिता लागू आहे. शेतजमिनीवर घर बांधायचे असल्यास तिचे व्यपवर्तन, म्हणजे बिनशेती वापरात रूपांतर, झालेले असावे लागते. खरेदीनंतर नामांतरण करून घ्यावे लागते. पण ती नोंद मुख्यतः महसुलासाठी असते, तिने स्वतंत्र मालकी सिद्ध होत नाही. याच संहितेनुसार आदिवासी भूमिस्वामीची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून बिगर-आदिवासीला घेता येत नाही, आणि अधिसूचित आदिवासी क्षेत्रांत तर ती घेताच येत नाही. स्वस्तात मिळणाऱ्या जमिनीमागे एखाद्या कुटुंबाचा एकमेव आधार तर सुटत नाही ना, हे पाहणे कायद्याचे पालनही आहे आणि माणुसकीही.

गावातील जुन्या वस्तीची अडचण निराळी. तेथील अनेक घरांना पिढ्यान्‌पिढ्या ताबा होता, पण मालकीचा कागद नव्हता. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनच्या साहाय्याने अशा वस्त्यांचे मोजमाप करून घरमालकांना अभिलेख देण्याचे काम हाती घेण्यात आले.

कागदावर न दिसणारी एक गोष्ट मात्र नेहमी राहते, ती म्हणजे वाट. शेजाऱ्याच्या सौजन्याने वापरात असलेली पायवाट आणि नकाशावर नोंदलेला रस्ता यांत फरक असतो. तो फरक घर बांधून झाल्यावर कळला, तर फार महाग पडतो.

४. इंग्लंडमधील खेड्याचा दाखला

शहराजवळच्या खेड्याची ओढ केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. इंग्लंडमध्ये खेड्यातील दगडी घर हे शहरवासीयांचे जुने स्वप्न आहे. तेथे घर घेण्यापूर्वी सर्वेक्षक इमारतीची पाहणी करतो आणि कायदेतज्ज्ञ सांडपाणी, रस्ते व स्थानिक बंधने यांची चौकशी करतो. १ डिसेंबर १९९० पासून इंग्लंड व वेल्स येथे सर्वत्र विक्रीनंतर मालकीची नोंदणी सक्तीची झाली, आणि त्या नोंदवहीतील मालकीला शासनाचे पाठबळ असते. व्यवस्था इतकी नेटकी असूनही एक दुःख उरतेच. शहरातील श्रीमंतांनी घरे घेतली की किमती चढतात आणि त्याच खेड्यात जन्मलेल्या तरुणांना तेथे घर घेणे परवडत नाही. चांगला कायदा खरेदीदाराचे रक्षण करतो. गावाचे रक्षण गावकऱ्यांनाच करावे लागते.

५. गावाचे होणे

घराची किंमत एकदाच द्यावी लागते, गावाचे देणे मात्र रोजचे असते. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनात्मक स्थान दिले. गावाच्या मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सदस्य असतो. कांचघरचे आपले कुटुंब गावात गेले, तर त्यांनी उंच कुंपण घालून आत बसावे की ग्रामसभेत जाऊन विहिरीच्या गाळाचा प्रश्न ऐकावा? निवृत्त कारागिराचे कसब शाळेच्या दुरुस्तीला उपयोगी पडू शकते. शेणाचा वास, पहाटेचा भोंगा आणि कापणीच्या दिवसांतली धूळ यांची तक्रार करण्यापूर्वी गाव आपल्या आधीपासून तेथे आहे, हे ध्यानात ठेवावे. असे वागणाऱ्यासाठी रात्री डॉक्टरकडे जायला शेजाऱ्याचा ट्रॅक्टरही दारात उभा राहतो. सूनबाईंच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर त्यात नाही. दवाखान्याचे अंतर आधी मोजलेच पाहिजे. पण शेजार नसेल, तर मोजलेले अंतरही लांबते.

शब्दांची ओळख (मध्य प्रदेश – महाराष्ट्र)

पटवारी – तलाठी
नामांतरण – फेरफार
आबादी – गावठाण
व्यपवर्तन – बिनशेती परवानगी
खसरा – साधारणपणे सातबाऱ्यासारखा उतारा

थोडक्यात

• जमीन पावसाळ्यात, हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात पाहून मगच निर्णय घ्यावा.
• नोंदणी आवश्यक आहे, पण ती मालकीची हमी नव्हे.
• पाणी, वाट आणि शेजार यांवर गावातील राहणे अवलंबून असते.

स्वाध्याय

१. 'हवेली' पद्धत म्हणजे काय? घर घेणाऱ्याने तिची माहिती का करून घ्यावी?
२. 'ज्याला जमीन विकायची नाही, त्याचे उत्तर अधिक विश्वासार्ह असते.' या विधानाचा आशय स्पष्ट करा.
३. दस्तनोंदणी व नामांतरण यांच्या मर्यादा सांगा.
४. या कुटुंबाने गावात घर घ्यावे की नाही? आईंची व सूनबाईंची बाजू लक्षात घेऊन तुमचे मत दहा ओळींत लिहा.
५. उपक्रम : तुमच्या परिसरातील दोन वयोवृद्ध व्यक्तींना भेटून तीस वर्षांपूर्वीचे पाणवठे व पायवाटा यांची माहिती मिळवा आणि त्यांचा नकाशा काढा.