वाईट बातमी आधी तुझ्याकडे यायला हवी

अगं, बढतीची ऑर्डर हातात पडल्यावर वॉर्डात पेढे वाटलेस ते बरंच केलंस. पण परवा फोनवर तुझा आवाज अगदी उतरला होता. “ताई, इतके दिवस एकत्र डबा खाल्ला, आणि आता मी चेंजिंग रूममध्ये शिरले की बोलणं थांबतं,” म्हणालीस. हे इतकं मनाला लावून घेऊ नकोस गं. कालपर्यंत तू अधिपरिचारिका होतीस, त्यांच्यातलीच एक. आज परिसेविका, म्हणजे वॉर्डाची इन्चार्ज झालीस. त्यांच्या ड्यूट्या तू लावणार, रजेच्या अर्जावर शेरा तू मारणार, मेट्रन त्यांच्याबद्दल तुलाच विचारणार. अशा बाईसमोर कुठलीही शहाणी मुलगी चार शब्द कमीच बोलेल. मात्र ही शांतता मुरू देऊ नकोस. ऑफिसात लोक गप्प बसले तर फार तर फाईल अडते, वॉर्डात गप्प बसले तर पेशंटच्या जिवावर बेततं.

विश्वास कसा कमवायचा यावर तुला आता बरीच व्याख्यानं ऐकावी लागतील. माझी कसोटी एकच आहे. रात्री तीन वाजता एखाद्या मुलीच्या हातून चुकीचं इंजेक्शन गेलं, तर ती काय करेल? ताबडतोब डॉक्टरांना आणि तुला कळवेल, की सकाळपर्यंत काही होत नाही ना, हे बघत देवाचा धावा करेल? पहिलं होत असेल तर तुझ्यावर वॉर्डाचा विश्वास आहे. नसेल, तर बारा मेच्या परिचारिका दिनाला कितीही मोठा केक कापलास तरी त्याला अर्थ नाही. सगळ्यांशी गोड बोलणाऱ्या, कुणाचं मन न मोडणाऱ्या इन्चार्ज मी पाहिल्यात. त्या सगळ्यांना आवडायच्या, पण वॉर्डात काय बिनसलंय हे त्यांनाच सगळ्यात शेवटी कळायचं.

यावर एक फार बोलकं संशोधन झालंय, ते तुला सांगते. एमी एडमंडसन नावाची हार्वर्डची विद्यार्थिनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या इस्पितळांमध्ये औषधं देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास करत होती. जिथे इन्चार्ज चांगली आणि टीमचं एकमेकींशी जमतं, तिथे चुका कमी सापडतील, असा तिचा अंदाज होता. आकडे उलटे आले. चांगल्या टीममध्ये चुका जास्त दिसत होत्या! ती चक्रावली, आणि मग तिच्या लक्षात आलं की त्या टीम जास्त चुकत नव्हत्या, त्या चुकांबद्दल जास्त मोकळेपणाने बोलत होत्या. बाकीच्या वॉर्डांत चुका दाबल्या जात होत्या. १९९६ मध्ये तिने हे प्रसिद्ध केलं. तेव्हा तुझ्या वॉर्डातून महिनोन्‌महिने एकही चूक कळली नाही, तर खूश होऊ नकोस. आधी स्वतःला विचार, मला सांगायला कोण घाबरतंय?

आता चूक तुझ्यासमोर आली की काय करायचं, ते नीट ऐक. तोंडातून निघणारा पहिला प्रश्न ‘हे केलं कुणी?’ असा नसावा. ‘पेशंट कसा आहे?’ हा असावा. सगळा वॉर्ड तुझं ते पहिलं वाक्य लक्षात ठेवतो.

इन्शुलिनचंच घे. आपल्याकडे मिलिलिटरला चाळीस युनिटची व्हायल असते आणि शंभरचीही. चाळीसच्या सिरिंजला लाल टोपी, शंभरच्या सिरिंजला केशरी. गडबडीत शंभरच्या व्हायलमधलं औषध लाल टोपीच्या सिरिंजमध्ये वीसच्या खुणेपर्यंत भरलं, तर पेशंटला वीसऐवजी पन्नास युनिट जातात. अडीच पट! मुलगी धावत तुझ्याकडे आली तर आधी साखर तपासायची, डॉक्टरांना बोलवायचं, डेक्स्ट्रोज हाताशी ठेवायचं. पेशंट सावरला की घडलं तसं लिहून काढायचं. आणि मग, तिला पाणी देऊन, खाली बसवून विचारायचं की नेमकं झालं कसं. बहुतेक वेळा उत्तर असं निघतं की दोन्ही व्हायल एकाच ट्रेमध्ये होत्या, लाल टोपीच्याच सिरिंजा उरल्या होत्या आणि त्या रात्री सगळा वॉर्ड तिच्या एकटीवर होता. यातल्या पहिल्या दोन गोष्टी तू दुसऱ्या दिवशी बदलू शकतेस. तिला मेमो दिलास तर ट्रे तसाच राहील, आणि पुढच्या वेळी चूक करणारी मुलगी तुझ्याकडे येणारच नाही. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने १९९९ मध्ये जो गाजलेला अहवाल दिला, त्याचा निष्कर्षही हाच होता. तिथल्या इस्पितळांत दरवर्षी ४४ हजार ते ९८ हजार माणसं टाळता येण्याजोग्या चुकांनी दगावतात, असा त्यांचा अंदाज होता. यातल्या बहुतेक चुका बेफिकीर माणसांमुळे होत नाहीत, कामाच्या सदोष मांडणीमुळे होतात, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं.

म्हणून काय सगळंच पोटात घालायचं? मुळीच नाही. नजरचूक आणि लबाडी यातली रेघ पहिल्याच मीटिंगमध्ये आखून टाक. बीपी न मोजता चार्टवर आकडा टाकणं, न दिलेल्या गोळीपुढे सही करणं, झालेलं लपवण्यासाठी खाडाखोड करणं, याला माफी नाही असं सांग. आणि मग तुझ्या लाडक्या मैत्रिणीने ते केलं तरी तोच नियम लाव. त्या एका दिवशी तुझी खरी किंमत ठरेल.

तपासणीबद्दलही एक गैरसमज असतो. ‘माझा विश्वास आहे, मी मोजत नाही,’ असं कौतुकाने सांगणाऱ्या इन्चार्ज असतात. तू तसं करू नकोस. कुलपातली औषधं ड्यूटी बदलताना, प्रत्येक ओव्हरला, दोघींनी मिळून मोजायची म्हणजे मोजायची. तूही त्यातून सुटत नाहीस. पोटॅशियम क्लोराइडसारखं जिवावरचं औषध दुसरीने पाहिल्याशिवाय जाता कामा नये. सगळ्यांनाच मोजावं लागलं की कुणालाच अपमान वाटत नाही. आणि उद्या मॉर्फिनचं एक अँप्युल कमी भरलं, तर त्याच नोंदींमुळे निर्दोष मुलगी वाचते.

पण खरं सांगू? रोजचा विश्वास जिथे मिळतो किंवा जातो, ती जागा म्हणजे ड्यूटी लिस्ट. तुझी भाषणं कुणाच्या लक्षात राहणार नाहीत. दिवाळीला कुणाचा ऑफ होता आणि गौरीपूजनाला कुणाची नाईट, हे मात्र दहा वर्षांनीही आठवेल. म्हणून नियम आधी भिंतीवर लाव. एका महिन्यात किती नाईट, त्यानंतर किती ऑफ, ड्यूटी बदलून हवी असेल तर किती दिवस आधी सांगायचं. गेल्या वर्षी दिवाळी जिने केली, तिला यंदा घरी जाऊ दे. केरळच्या मुलींना गणपतीत ड्यूटी लावणं सोपं असतं, त्या हसून करतातही. पण मग ओणम आणि नाताळ त्यांचा, हे मागायची वेळ त्यांच्यावर येऊ देऊ नकोस. ईदचंही तसंच. आणि सणाच्या त्या यादीत एका ठिकाणी तुझं स्वतःचं नाव दिसू दे. कुणाच्या घरी आजारी सासू आहे, कुणाचं मूल लहान आहे, म्हणून कधी तुला नियम वाकवावा लागेल. तेव्हा तसं बाकीच्यांना उघड सांग, अर्थात त्या मुलीला विचारून. गुपचूप दिलेली सवलत पक्षपातच वाटते.

आता राउंडची वेळ. मोठे डॉक्टर रागावले, ड्रेसिंग का झालं नाही म्हणून सगळ्यांदेखत एका मुलीवर ओरडले. तू काय करशील? मान खाली घालून उभी राहिलीस तर तुझ्या माणसांच्या मनातून तू तिथेच उतरशील. उलट डॉक्टरांशी हुज्जत घालायचीही गरज नाही. ‘सर, वॉर्डाची जबाबदारी माझी आहे. मी बघते आणि तुम्हाला सांगते,’ एवढं वाक्य पुरतं. नंतर दार लावून त्या मुलीला जे विचारायचं ते स्पष्ट विचार. कानउघाडणी एकांतात आणि कौतुक चारचौघांत, हे तुला माहीत आहेच. त्यात एक भर घाल. कौतुक तिच्या नावाने कर. बेडसोर झाला नाही तो कुणाच्या सेवेमुळे, हे मेट्रनना सांगताना ‘आमच्या वॉर्डाने’ म्हणू नकोस. नाव घे.

नातेवाईक अंगावर धावून येतात तेव्हा तू सगळ्यात पुढे असलीस पाहिजे. आपल्या राज्यात २०१० पासून यासाठी कायदा आहे. दवाखान्यात हिंसा करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि नर्सनाही त्याचं संरक्षण आहे. घाबरलेल्या मुलीला पोलिसांकडे एकटी पाठवू नकोस, सोबत जा.

एक नाजूक गोष्ट. कधीतरी कुणीतरी तुझ्याकडे येऊन म्हणेल, ‘सिस्टर, कुणाला सांगणार नसाल तर सांगते.’ लगेच मान डोलावू नकोस. ‘ज्याने कुणाच्या जिवाला धोका आहे ते मला सांगावंच लागेल, बाकीचं माझ्यापाशी राहील,’ असं आधीच सांग. शब्द देऊन मोडण्यापेक्षा हे बरं. ती जर कुणी त्रास देतो, अंगाला हात लावतो असं सांगायला आली असेल, तर ‘मी त्याला दम देते, विषय वाढवू नको’ असं म्हणायचा मोह आवर. २०१३ च्या कायद्याप्रमाणे जिथे दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत तक्रार समिती असायलाच हवी. तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते आणि नावं गुप्त ठेवणं समितीवर बंधनकारक असतं. हे सगळं तिला सांग, समितीत कोण आहे ते दाखव, निर्णय तिचा तिला घेऊ दे. दरम्यान त्या माणसाबरोबर तिची नाईट लागणार नाही, एवढं तू बघ. पण तिलाच उचलून दुसऱ्या वॉर्डात टाकू नकोस. शिक्षा तिला झाल्यासारखं दिसतं.

वॉर्डबॉय आणि आया, म्हणजे आपल्या मामा-मावशींना विसरू नकोस. पेशंट रात्री काय बडबडत होता, कुणाचं जेवण तसंच परत गेलं, हे त्यांना तुझ्या आधी माहीत असतं. त्यांना ‘ए’ म्हणून हाक मारणाऱ्या इन्चार्जला ते कधीच सांगत नाहीत. तसंच कंत्राटी मुलींचं. काम तेच, पगार कमी, आणि काही बिघडलं की बोट त्यांच्याकडे. बीपीचं यंत्र सापडत नाही म्हटलं की पहिला संशय कंत्राटी मुलीवर, असं तुझ्या वॉर्डात होऊ देऊ नकोस.

आणि नसलेली ताकद आहे असं दाखवू नकोस. ‘मी जास्त स्टाफ आणते’ असं आश्वासन तू देऊ शकत नाहीस, कारण पदं भरणं तुझ्या हातात नाही. तुझ्या हातात आहे ते लिहिणं. आज नाईटला किती पेशंट, किती ऑक्सिजनवर आणि किती सिस्टर, हे दर वेळी मेट्रनना लेखी कळव आणि त्याची प्रत वॉर्डात ठेव. स्टाफ मिळेलच असं नाही. पण तू त्यांच्यासाठी कागदावर उभी राहिलीस, हे मुलींना दिसतं. एखाद्या प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर ‘मला माहीत नाही, विचारून सांगते’ म्हण, आणि खरोखर विचारून सांग. जी इन्चार्ज विचारते, तिच्या वॉर्डात नव्या मुलीलाही विचारायची लाज वाटत नाही.

कान भरणाऱ्या येतीलच. ‘तुम्हाला म्हणून सांगते’ असं म्हणत येतील. त्यांना एकच विचार, ‘हे तिच्यासमोर बोलशील का? बोलवू तिला?’ दोनदा असं झालं की हा धंदा बंद पडतो. आणि चेंजिंग रूममधली ती पूर्वीची मैत्री, ती तशीच परत मिळणार नाही, हे आताच स्वीकार. डबा खा त्यांच्याबरोबर, हस, पण तुझ्यामागे त्या जे बोलतात ते ऐकायला जाऊ नकोस. इन्चार्जबद्दल कुरकुर करायची जागा त्यांना हवीच, ती त्यांची त्यांना राहू दे.

तेव्हा उद्या सकाळी इतकंच कर. ओव्हर झाल्यावर सगळ्यांना दोन मिनिटं थांबव आणि सांग, ‘चुकलं तर आधी मला फोन करा, कितीही वाजता करा. लपवलंत तर मी तुमच्या बाजूने उभी राहू शकणार नाही, सांगितलंत तर पूर्ण उभी राहीन.’ त्या लगेच विश्वास ठेवणार नाहीत. पहिला फोन येईल तेव्हा तू कशी बोलतेस, त्यावर त्या ठरवतील. म्हणून बाई, त्या पहिल्या फोनला आवाज चढवू नकोस. बाकी सगळं नंतर शिकता येतं.